टोमॅटोचा इटालियन सॉस पाणचट आणि आंबट का होतो?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलांना पास्ता आवडतो म्हणून टोमॅटो सॉस घरीच करते. किलोभर टोमॅटो कच्चेच मिक्सरमधून काढते. दोन कांदे आणि दहा-बारा लसूण पाकळ्या तेलात लालसर परतते, त्यात तो रस, लाल तिखट, ओरेगॅनो आणि दोन चमचे केचप घालून शिजवते. ताटात वाढला की पास्त्याखाली पाणी साचतं, चव आंबट लागते आणि एकूण प्रकरण पावभाजीच्या वळणावर जातं. साखर किती घालू? की डब्यातले इटालियन टोमॅटोच आणायला हवेत?

ताई, साखरेकडे आणि डब्याकडे येतेच, पण आधी मिक्सर बाजूला ठेवू. तुमच्या निम्म्या तक्रारीचं मूळ तिथे आहे.

मी अकरा वर्षं इटलीत, सालेर्नोच्या बाजूला राहिले. त्यातली सात वर्षं एका छोट्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात काम केलं. आता पुण्यात असते आणि इथल्या मंडईतल्या टोमॅटोचा सॉस आठवड्यातून दोनदा तरी करते. तेव्हा खाली जे सांगते आहे ते दोन्हीकडच्या टोमॅटोंवर हात भाजून घेतल्यावरचं आहे.

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. हे पाणी गरात धरून ठेवायचं काम पेक्टिन करतं, पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते तेच. आता गंमत अशी की हे पेक्टिन तोडणारी विकरंही, म्हणजे एन्झाइम, टोमॅटोतच असतात. टोमॅटो अख्खा असेपर्यंत ती आपापल्या जागी गप्प असतात. चिरला, ठेचला, मिक्सरमध्ये फिरवला की ती मोकळी होतात आणि कामाला लागतात. म्हणजे तुम्ही रस काढून ठेवता, तोवर कांदा चिरता, लसूण सोलता, कांदा लाल होईस्तोवर परतता, त्या वीस-पंचवीस मिनिटांत रसातलं पेक्टिन तुटत असतं. मग तो रस कितीही आटवा, गर एकीकडे आणि पाणी एकीकडे होणारच. हीच विकरं ८५ ते ९० अंशांच्या पुढे तापली की निकामी होतात. त्यामुळे टोमॅटो चिरल्याबरोबर तो झटकन तापला पाहिजे. टोमॅटो पेस्टच्या कारखान्यांतही दाट माल हवा असेल तर टोमॅटो फोडता फोडताच तापवतात, त्यामागचं कारण हेच.

विश्वास बसायला एकदा करून बघा. दोन टोमॅटो कच्चे मिक्सरमधून काढून काचेच्या पेल्यात ठेवा. दुसरे दोन चिरून लगेच गरम पातेल्यात टाका, झाकण ठेवून मऊ करा, गाळून दुसऱ्या पेल्यात ओता. अर्ध्या-पाऊण तासाने बघा. पहिल्या पेल्यात पिवळसर पाण्याचा थर वेगळा झालेला दिसेल. दुसरा बराचसा एकजीव असेल. तुमच्या ताटात पास्त्याखाली साचतं ते हेच पहिल्या पेल्यातलं पाणी.

मिक्सरचा आणखी एक तोटा. पातं इतक्या वेगाने फिरतं की रसात हवा मिसळते, तांबडा रंग फिका नारिंगी होतो, आणि बिया फुटून थोडा कडवटपणा येतो. मग काय वापरायचं? तुमच्या घरातलं पुरणयंत्र. खरंच. मी त्या खाणावळीत पहिल्या आठवड्यात गेले, तेव्हा सिन्योरांनी, म्हणजे मालकीणबाईंनी, फळीवरून एक तीन पायांचं भांडं काढलं. तळाला भोकांची चकती, वर मूठ. मी म्हटलं, हे तर आईचं पुरणयंत्र. तिकडे त्याला पासावेर्दुरे म्हणतात. शिजलेले टोमॅटो त्यात घालून फिरवायचे. खाली गर पडतो, वर साली आणि बिया उरतात. सगळ्यात बारीक भोकांची चकती लावा. शेवटी मूठ एक-दोनदा उलटी फिरवून पुन्हा सुलटी फिरवा. सालीला चिकटलेला सगळ्यात दाट गर तेव्हाच सुटतो, आणि तो टाकून देणं म्हणजे सायीचं दूध आणून साय फेकून देणं.

आता टोमॅटोबद्दल. इटलीत सॉससाठी ज्याचं नाव घेतात तो सान मार्झानो. लांबट, टोकाला निमुळता, आत फक्त दोन-तीन कप्पे, बिया कमी, गर दाट आणि साल सहज निघणारी. नेपल्स आणि सालेर्नोच्या मधल्या सार्नो नदीच्या सखल भागात, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या जमिनीत तो होतो. १९९६ साली त्याला युरोपचं उगमस्थानाचं संरक्षण मिळालं, म्हणजे आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखं. पण एक सांगते, मी ज्या भागात राहिले तिथेही रोजच्या सॉसला हा टोमॅटो प्रत्येक घरात वापरत नाहीत, कारण तो महाग असतो. लोक वापरतात तो लांबट जातीचा कुठलाही पिकलेला टोमॅटो. आणि 'पिकलेला' या शब्दावर तिथली माणसं अडून बसतात.

आपल्याकडे नारायणगावहून किंवा पिंपळगाव बसवंतहून जो टोमॅटो येतो तो लांबच्या प्रवासाला टिकावा म्हणून जाड सालीचा, घट्ट, आणि बहुतेकदा पूर्ण लाल व्हायच्या आत तोडलेला असतो. दुकानात लाल दिसतो, पण कापला की देठाशी पांढरट-हिरवट गाभा आणि आत फिकट गर. अशा टोमॅटोचा त्याच दिवशी सॉस केलात तर आंबटच होणार, त्यात तुमचा दोष नाही. आणल्यावर टोपलीत एका थरात, देठाची बाजू खाली करून, वर वर्तमानपत्र टाकून तीन-चार दिवस बाहेर ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच नको. थंडीत टोमॅटोचा वास मरतो आणि बाहेर काढल्यावर तो पुरता परत येत नाही. बोटाने हलकं दाबल्यावर आंब्यासारखा दबला, आणि देठाजवळ नाक नेल्यावर वेलीचा तो हिरवट-गोड वास आला, की झाला तयार. मंडईत संध्याकाळी जे मऊ पडलेले टोमॅटो स्वस्तात लावतात ना, फुटलेले आणि बुरशीचे वगळून तेच घ्या. सलाडला नकोसा झालेला टोमॅटो सॉसला सगळ्यात चांगला.

गावठी, चपटे, खाचा असलेले टोमॅटो मिळाले तर? चव सुरेख, पण रस फार आणि आंबटही फार. मी ते एकटे न वापरता लांबट टोमॅटोत चौथा हिस्सा घालते. त्याने सॉसला धार येते.

तर आता कृती. चार माणसांसाठी एक किलो पिकलेले लांबट टोमॅटो, चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, लसणाच्या दोन पाकळ्या, एक सपाट छोटा चमचा मीठ, बेझिलची सात-आठ पानं. यादी एवढीच. हे वाचून तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल, मलाही तेव्हा वाटलं होतं. मी पहिल्यांदा सॉस केला तेव्हा न विचारता कांदा, गाजर, सेलरी, मिरपूड सगळं घातलं होतं. सिन्योरांनी चमचाभर चाखला आणि विचारलं, "यात टोमॅटो कुठे आहे?" त्या रागावल्या नव्हत्या, खरंच शोधत होत्या. तो प्रश्न मी अजून स्वतःला विचारते.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं रिकामंच मध्यम आचेवर तापत ठेवा. टोमॅटो धुऊन, पुसून उभे अर्धे करा, देठाचा गाभा सुरीच्या टोकाने काढा, आणि चिरून परातीत साठवत न बसता सरळ पातेल्यात टाका. चिमूटभर मीठ टाकून झाकण ठेवा आणि आच मोठी करा. पाणी घालायचं नाही. दोन मिनिटांत टोमॅटोलाच पाणी सुटतं. आठ-दहा मिनिटांत साली सुरकुततात, फोडी बसतात. आता हे सगळं स्टीलच्या चाळणीत ओता आणि हलवू नका, दाबू नका, नुसतं दोन मिनिटं निथळू द्या. खाली जे पातळ, फिकट पाणी पडेल ते सॉसमध्ये नको. ते आटवायला बसलात तर अर्धा तास जादा शिजवावं लागेल आणि टोमॅटोचा ताजेपणा जाईल. ते पाणी फेकू मात्र नका. त्याचं सार करा, जिरं आणि कढीपत्त्याची फोडणी देऊन. माझ्याकडे सॉसच्या दिवशी साराचा भात ठरलेला असतो. चाळणीत उरलेला गर पुरणयंत्रातून काढा. किलोमागे अर्धा किलोच्या आसपास दाट गर मिळतो.

भांड्याबद्दल इथेच बोलते. टोमॅटोचा आंबटपणा लोखंडाला, साध्या अॅल्युमिनियमला आणि कल्हई नसलेल्या पितळेला लागतो, धातूची चव उतरते आणि रंग काळवंडतो. आजीची कल्हईची पातेली असतील तर कल्हई शाबूत आहे ना बघून खुशाल वापरा. मातीचं भांडंही चालतं, नेपल्सकडे रविवारचा मोठा मांसाचा सॉस पूर्वी मातीच्याच भांड्यात शिजायचा. आणि भांडं पसरट हवं, कारण वाफ जितकी पटकन जाईल तितका सॉस कमी वेळ आचेवर राहील.

पसरट भांड्यात तेल ओता. तेल गार असतानाच त्यात लसणाच्या दोन पाकळ्या, न चिरता, सुरीच्या पात्याने नुसत्या दाबून टाका, आणि मग गॅस लावा, अगदी मंद. आपण तेल कडकडीत तापवून फोडणी करतो, इथे उलट. गार तेलापासून सुरुवात केली की लसणाचा वास हळूहळू तेलात उतरतो आणि लसूण करपत नाही. पाकळीभोवती बारीक बुडबुडे येतील, कडा फिक्या सोनेरी होतील. लाल होऊ द्यायच्या नाहीत. सोनेरी दिसल्या की पाकळ्या काढून घ्या आणि लगेच टोमॅटोचा गर ओता. चर्र आवाज होईल, थोडं उडेल. मीठ घाला. पहिली दोन मिनिटं आच मोठी, उकळी फुटली की मध्यमच्या खाली.

यापुढे कान लावून ऐका. सुरुवातीला भराभर, पातळ आवाज येतो, पाणी उकळल्यासारखा. दहाएक मिनिटांनी तो जड होतो. बुडबुडे मोठे, सावकाश, आणि फुटताना 'पक्' असा आवाज करतात, पिठलं रटरटतं तसं. नेपल्सच्या बोलीत या मंद फुटफुटण्याला खास क्रियापद आहे, पिप्पियारे. ते वापरतात तासन् तास शिजणाऱ्या मांसाच्या सॉससाठी, पण साध्या सॉसलाही तो आवाज आला की समजायचं, पाणी गेलं. अधूनमधून लाकडी डावाने तळ खरवडत राहा. साधारण पंधरा ते वीस मिनिटं. कडेला, भांड्याला लागून, तेलाची एक बारीक नारिंगी रेघ दिसू लागेल. आपल्याकडे ग्रेव्हीला भरपूर तेल सुटेपर्यंत परततात, इथे तेवढं थांबायचं नाही. रेघ दिसली की बस.

खात्री करायची असेल तर छोटी पांढरी बशी घ्या, मधोमध चमचाभर सॉस ठेवा आणि बशी जरा कलती करा. ढिगाच्या कडेने पाण्याचं कडं पुढे सरकलं तर अजून तीन-चार मिनिटं. सॉस एकसंध, जाडसर ओघळला आणि मागे लाल माग ठेवत गेला तर गॅस बंद. मग बेझिलची पानं हाताने तोडून घाला आणि झाकण ठेवून पाच मिनिटं तसंच राहू द्या.

आंबटपणाबद्दल. शिजवल्याने आम्ल नाहीसं होत नाही. पाणी जातं, आणि आंबट आणि गोड दोन्ही दाट होतात. म्हणून कच्च्या टोमॅटोचा सॉस जितका आटवाल तितका तो जास्त आंबट लागेल. यावर खरा उपाय म्हणजे पिकलेला टोमॅटो, मग पुरेसं मीठ, मग पुरेसं तेल. आंबट लागला की आपला हात साखरेकडे जातो, पण दहापैकी सात वेळा मीठ कमी पडलेलं असतं. आधी चिमूटभर मीठ घालून चाखा. तेलही असंच. एका किलोला एक चमचा तेल घातलं तर सॉस टोकदार लागतो, चार चमच्यांनी तीच चव गोल होते. शिवाय टोमॅटोचा लाल रंग ज्याचा असतो ते लायकोपीन चरबीत विरघळतं, त्यामुळे रंगही खुलतो. एवढं करून आंबट वाटलाच तर अर्धा छोटा चमचा साखर घाला, त्याचा काही अपराध नाही, इटलीतही पुष्कळ घरांत घालतात. अर्धा गाजर अख्खा टाकून शेवटी काढून घेतला तरी चालतं. खाण्याचा सोडा आम्ल खरोखर मारतो, पण जरा जास्त झाला की साबणासारखी चव आणि मेलेला रंग. मी वापरत नाही.

केचप मात्र बंद. त्यात साखर, व्हिनेगर आणि मसाले असतात. आंबट सॉसमध्ये तुम्ही आणखी व्हिनेगर घालत होतात.

पावभाजीचं वळण कुठून येतं? लालसर परतलेला कांदा, भरपूर लसूण, तिखट. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जिभेला आपलीच ओळख पटते, मग वरून कितीही ओरेगॅनो घाला. दक्षिण इटलीतल्या साध्या सॉसमध्ये बहुतेक जण कांदा नाहीतर लसूण, दोन्हींपैकी एकच घालतात. यावर घराघरांत वाद आहेत, मी लसणाच्या बाजूची. कांदा हवा असेल तर अर्धा छोटा, अगदी बारीक चिरून, मीठ टाकून मंद आचेवर काचेसारखा पारदर्शक होईपर्यंतच, तांबूस रंग चढायच्या आत टोमॅटो. मुलांना मऊ, गोडसर सॉस आवडत असेल तर आणखी सोपी पद्धत आहे. तेलाऐवजी लोणी आणि कांदा सोलून नुसता अर्धा कापून गरात टाकायचा, पाऊण तास मंद शिजवायचा आणि कांदा काढून घ्यायचा. अमेरिकेत इटालियन स्वयंपाक घरोघरी नेणाऱ्या मार्चेला हझान यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. आपल्या साध्या लोण्यात ती छान होते, पण लोणी खारवलेलं असेल तर मीठ सांभाळा.

ओरेगॅनो हा वाळवून वापरायचा पाला, त्याची जागा पिझ्झावरच्या मारिनारा सॉसमध्ये आणि सिसिलीकडच्या पदार्थांत. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांमुळे आपल्याकडे इटालियन म्हणजे ओरेगॅनो असं झालं आहे. पास्त्याच्या सॉसला तो लागत नाही. लागतं बेझिल. आणि इथे एक गोष्ट कळली तेव्हा मला फार आनंद झाला होता. फालुद्यात आपण ज्याच्या बिया घालतो तो सब्जा आणि इटालियन बेझिल एकाच जातीचे, दोन वेगळे वाण. आपल्या सब्ज्याच्या पानाला बडीशेप-लवंगेकडे झुकणारा वास जास्त, इटालियन पानाला गोड आणि हिरवा. इटालियन नाही मिळालं तर सब्ज्याची कोवळी तीन-चार पानंच घाला, आठ नकोत. तुळस वेगळी जात आहे. तिचा कडूशार, औषधी वास टोमॅटोवर कुरघोडी करतो, ती घालू नका. कुंडीत बेझिलचं बी लावलंत तर सहा-सात आठवड्यांत पानं तोडण्याजोगी होतात, फुलांचे तुरे आले की खुडत राहा.

तिखटाबद्दल मन मोठं ठेवते. टोमॅटो अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि तिथे बराच काळ लोकांनी तो नुसता बघितला. नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी नावाच्या कारभाऱ्याने १६९०च्या दशकात स्पॅनिश पद्धतीचा म्हणून टोमॅटोचा एक सॉस लिहून ठेवला आहे. निखाऱ्यावर भाजून सोललेले टोमॅटो, कांदा, मिरची, रानटी थाइमसारखा पाला, मीठ, तेल आणि व्हिनेगर. वाचलं तेव्हा मला आईची भाजलेल्या टोमॅटोची चटणीच आठवली. पण तो मांसाबरोबर तोंडी लावायला होता, पास्त्याशी त्याचा संबंध नव्हता. शेवया आणि टोमॅटोची जोडी लिखित स्वरूपात ठळकपणे दिसते ती इप्पोलितो काव्हालकांतींच्या १८३९च्या नेपोलितान पाककृतींत. आणि १८९१ मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझींनी आपल्या गाजलेल्या पाककृतींच्या पुस्तकात 'सॉस' आणि 'सूगो' यांत फरक केला. सूगो म्हणजे टोमॅटो शिजवून गाळलेला, बस. फार तर सेलरीचा तुकडा, पार्सली, बेझिलची पानं. मी वर दिलेली कृती या सूगोच्या घराण्यातली. तुम्हाला तिखट हवंच असेल तर पूड नको, लसणाबरोबर तेलात एक सुकी लाल मिरची अख्खी टाका आणि पाकळ्यांबरोबर काढून घ्या. त्याने सॉस झणझणीत होतो, पण मसाल्याचा होत नाही.

आता डबा. आणावाच असं नाही, पण पावसाळ्यात मंडईतले टोमॅटो पाणचट आणि महाग असतात तेव्हा मी स्वतः डबाच उघडते. त्यात कमीपणा नाही. इटलीतही हिवाळ्यात ताज्या टोमॅटोचा सॉस कुणी करत नाही. अख्खे, सोललेले टोमॅटो घ्या, त्यांना पेलाती म्हणतात. तुकडे केलेले नकोत, कारण तुकडे घट्ट राहावेत म्हणून त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि मग ते तास शिजवले तरी विरत नाहीत. मागचा मजकूर वाचा: टोमॅटो, टोमॅटोचा रस, फार तर सायट्रिक अॅसिड. साखर, स्टार्च, मसाला असेल तर परत फळीवर ठेवा. सान मार्झानोच्या नावाने पैसे देत असाल तर लाल-पिवळा गोल संरक्षणाचा शिक्का बघा, नुसतं मोठ्या अक्षरातलं नाव पुरेसं नाही. ४०० ग्रॅमचे दोन डबे चौघांना पुरतात. डब्यातला टोमॅटो आधीच तापवलेला असतो, म्हणून त्याला पहिला टप्पा नको. हाताने कुस्करा, पुरणयंत्रातून काढा आणि सरळ लसणाच्या तेलात.

सॉस उत्तम झाला तरी ताटात तो निसटू शकतो, म्हणून पास्त्याचं दोन वाक्यांत सांगते. इटलीत मुलांनाही पाठ असलेलं माप: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढा, त्यातलं वाटीभर पाणी राखून ठेवा, आणि पास्ता सॉसच्या भांड्यातच टाकून मोठ्या आचेवर दोन मिनिटं त्या पाण्याचा थोडा थोडा हबका मारत परता. त्या पाण्यातल्या पिठाने तेल आणि टोमॅटो एक होतात आणि सॉस प्रत्येक नळीला चिकटतो. पास्ता ताटात आणि वर सॉसचा डाव, असं वाढू नका. आणि पास्ता धुऊ तर अजिबात नका.

जास्तीचा करून ठेवायचा असेल तर हे नीट वाचा, कारण इथे चूक चवीपुरती राहत नाही. दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये अख्खी घरं मिळून वर्षाचा गर बाटल्यांत भरतात. मी ते पाच उन्हाळे केलं. पहाटे अंगणात क्रेट उतरायचे, आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला काम. कुणी धुतंय, कुणी चिरतंय, कुणी हाताच्या यंत्राची मूठ फिरवतंय. प्रत्येक बाटलीत आधी बेझिलचं एक पान, मग गर, वर दोन बोटं जागा रिकामी. बाटल्या पत्र्याच्या मोठ्या पिंपात आडव्या रचायच्या, प्रत्येक थरात जुन्या चादरी, गोणपाट कोंबायचं, पाण्याने भरायचं, खाली जाळ. आणि उकळून झालं की बाटल्या त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गार होऊ द्यायच्या. एका वर्षी मी माझ्या वीस बाटल्या एकटीने केल्या, गळ्यापर्यंत भरल्या आणि मधे कापड घालायचा कंटाळा केला. सहा फुटल्या. रात्रभर पिंपाचं पाणी लाल झालेलं होतं.

फुटलेली बाटली निदान दिसते. दिसत नाही तो धोका बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा. पीएच म्हणजे आम्लाचं माप, तो जितका जास्त तितकं आम्ल कमी. पीएच ४.६ च्या वर गेला तर बंद बाटलीत ते विष तयार होऊ शकतं, आणि खूप पिकलेल्या गोडसर टोमॅटोचा पीएच त्या रेषेच्या आसपास जातो. त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणून बाटलीबंद करायचंच असेल तर फक्त गर, अर्ध्या लिटरला पाव छोटा चमचा लिंबूफूल, स्वच्छ बाटली, नवं झाकण, आणि बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात सलग ४० मिनिटं. लसूण, कांदा, तेल घातलेला तयार सॉस असा बाटलीत भरून बाहेर ठेवू नका.

तुम्हाला माझा सल्ला फ्रीजरचा. तीन किलो टोमॅटो एकदम करा, बेझिल न घालता. पूर्ण गार झाला की एका जेवणाला लागेल एवढा, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, पिशवीत भरा, हवा काढा, आडवी सपाट करून गोठवा. सपाट पिशवी जागा कमी घेते आणि वीस मिनिटांत सुटते. तीन महिने चव टिकते, फ्रिजमध्ये मात्र चार दिवसच. बेझिल गरम केल्यावर ताजं घाला. पिशवीवर तारीख आधी लिहा, गोठल्यावर पेन चालत नाही.